मोसंबीची साल, सरकी आणि रोगप्रतिकारशक्ती : चाचण्या कशा होतात, रुग्णाने त्यातून काय समजावे

शेतात पीक निघाल्यावर किंवा कारखान्यात माल तयार झाल्यावर साल, चोथा, बिया, टरफले, पऱ्हाट्या, तुराट्या असे बरेच काही मागे उरते. या उरलेल्या भागात वनस्पतीची अनेक रसायने शिल्लक असतात. ती वेगळी काढून त्यांचा रोगप्रतिकारशक्तीवर काही परिणाम होतो का, हे तपासण्याचे काम देशभरातील औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालये आणि संशोधन संस्थांमध्ये चालते. काम चांगले आहे. अडचण येते ती त्याची बातमी होते तेव्हा. पेशींवरच्या एका चाचणीचा निष्कर्ष मोबाइलवर फिरत फिरत 'सालीचा काढा प्या, इम्युनिटी वाढवा' असा होऊन घरात पोहोचतो.

जालना जिल्ह्यात हा विषय अगदी दारातला आहे. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे मोसंबी संशोधन केंद्र बदनापूरला आहे. शिवाय कापूस, सोयाबीन, तूर ही इथली मोठी पिके. मोसंबीचा रस काढला की फळाचे जवळपास निम्मे वजन साल आणि चोथ्याच्या रूपाने मागे राहते. त्याचे पैसे होत असतील तर शेतकऱ्याला हवेच आहेत. पण हा लेख रुग्णांसाठी आहे. त्यातही संधिवात, सोरायसिस, ल्युपस, मूत्रपिंड प्रत्यारोपण किंवा कर्करोग यांसाठी औषधे घेणाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी तो सावकाश वाचावा.

प्रतिकारशक्ती 'वाढवणे' म्हणजे काय?

रोगप्रतिकारशक्ती ही विहिरीतल्या पाण्यासारखी एकच पातळी असलेली गोष्ट नाही. तिच्यात अनेक प्रकारच्या पेशी असतात आणि त्या एकमेकींना रासायनिक निरोप पाठवतात. या निरोपांना सायटोकाइन म्हणतात. टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्युकिन-६ ही त्यांतली नेहमी कानावर येणारी नावे. काही निरोप पेशींना 'हल्ला करा' म्हणतात, काही 'आता थांबा' म्हणतात. तब्येत टिकते ती या दोन्हींच्या मेळावर.

आमवाती संधिवातात, म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते. ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटलेली असते. ज्याचे मूत्रपिंड बदलले आहे त्याला रोज गोळ्या देऊन प्रतिकारशक्ती मुद्दाम खाली ठेवावी लागते, नाहीतर शरीर नवे मूत्रपिंड परके समजून नाकारते. अशा माणसाने 'इम्युनिटी वाढवणारे' खरेच काही घेतले आणि ते खरेच लागू पडले, तर ती आनंदाची बातमी नसेल. म्हणून संशोधक 'वाढवणारे' हा शब्द टाळून 'इम्युनोमॉड्युलेटर' म्हणजे प्रतिकारशक्तीत बदल घडवणारे असे म्हणतात. बदल कोणत्या दिशेचा आहे, हा प्रश्न बातमीत बहुतेक वेळा गळून पडलेला असतो.

सालीत काय असते?

मोसंबीच्या सालीचा बाहेरचा रंगीत थर तेलकट असतो. त्यात लिमोनीनसारखी सुगंधी तेले असतात. आतल्या पांढऱ्या थरात पेक्टिन आणि हेस्पेरिडिन हे फ्लॅव्होनॉइड प्रकारातले रसायन भरपूर असते. शिवाय नॅरिरुटिन, नोबिलेटिन, टँजेरेटिन अशी त्याची भावंडेही थोड्याफार प्रमाणात सापडतात.

हेस्पेरिडिन नवे नाही. लेब्रेतॉन या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२८ मध्येच ते संत्र्याच्या सालीच्या पांढऱ्या थरातून वेगळे केले होते. १९३६ मध्ये अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी लिंबूवर्गीय फळांतल्या अशा रसायनांना 'व्हिटॅमिन पी' म्हटले. क जीवनसत्त्वावरच्या कामासाठी पुढच्याच वर्षी नोबेल मिळालेला हा शास्त्रज्ञ. तरीही पुरावा पुरला नाही आणि १९५० च्या सुमारास 'व्हिटॅमिन पी' हे नाव सोडून देण्यात आले. माणूस मोठा म्हणून दावा खरा ठरत नाही, याचे हे बरे उदाहरण आहे. आज हेस्पेरिडिन औषधाच्या दुकानात मिळते ते डायोस्मिनबरोबर, मूळव्याध आणि पायांच्या फुगलेल्या शिरांसाठीच्या गोळीत. प्रतिकारशक्तीसाठी नव्हे.

नावाचा एक घोळ इथेच सांगून ठेवतो. आपली मोसंबी फलोद्यानशास्त्रात गोड संत्र्याच्या जातीत, म्हणजे सायट्रस सायनेन्सिसमध्ये मोडते. पण अनेक शोधनिबंधांत मोसंबी म्हणून सायट्रस लिमेट्टा हे नाव छापलेले असते. ही वेगळी फळे आहेत आणि त्यांच्या सालीतली रसायनेही तंतोतंत सारखी नाहीत. म्हणजे ज्या 'मोसंबी'वर चाचणी झाली ती तुमच्या बागेतलीच असेल असे धरून चालता येत नाही.

पहिली पायरी : काचेच्या भांड्यातील पेशी

साल वाळवून तिची पूड करतात. ती अल्कोहोलमध्ये किंवा पाण्यात भिजवून, गाळून, आटवून अर्क काढतात. मग तो पेशींवर घालतात. पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स या संस्थेत पेशींचे राष्ट्रीय भांडार आहे आणि देशातल्या प्रयोगशाळांना तिथून पेशी पुरवल्या जातात. प्रतिकारशक्तीच्या चाचण्यांत उंदराच्या 'रॉ २६४.७' किंवा माणसाच्या 'टीएचपी-१' या पेशी सर्रास वापरल्या जातात. दोन्ही मुळात कर्करोगातून आलेल्या आहेत, म्हणूनच त्या भांड्यात न थकता वाढत राहतात. तुमच्या रक्तातल्या निरोगी पेशी अगदी तशाच वागतील असे नाही.

आधी अर्काने पेशी मरत नाहीत ना, ते पाहतात. त्यासाठी एमटीटी नावाचा पिवळा रंग वापरतात. जिवंत पेशी त्याला जांभळा करतात. मग पेशींना जीवाणूच्या आवरणातला एलपीएस नावाचा पदार्थ देऊन चिडवतात. चिडलेल्या पेशी टीएनएफ आणि इंटरल्युकिन-६ सोडू लागतात. अर्क घातलेल्या भांड्यात हे प्रमाण कमी निघाले तर 'अर्क दाह कमी करतो' असा निष्कर्ष लिहितात. न चिडवलेल्या पेशीच अर्कामुळे जाग्या झाल्या तर 'अर्क प्रतिकारशक्तीला चालना देतो' असा.

यात फसण्याच्या जागा आहेत आणि त्या रुग्णांनाही माहीत असाव्यात. फ्लॅव्होनॉइड रसायने एमटीटीचा रंग पेशींच्या मदतीशिवायही बदलू शकतात. मग मेलेल्या पेशीही जिवंत दिसतात. दुसरी जागा याहून मोठी आहे. साल ही रस काढल्यावर टोपलीत, पोत्यात, ढिगात पडून राहिलेली वस्तू असते आणि तिच्यावर जीवाणू वाढतात. त्यांच्या आवरणातला तोच एलपीएस अर्कात उतरतो आणि अगदी थोडासाही पेशींना चिडवायला पुरतो. अशा वेळी पेशींना चालना मोसंबीने दिलेली नसते, तिच्यावरच्या घाणीने दिलेली असते. हे ओळखण्याची ठरलेली तपासणी आहे. तिच्यात नालखुरी खेकड्याच्या रक्तातला घटक वापरतात. चांगला संशोधक ही तपासणी करतो आणि निबंधात तसे नोंदवतो. ती नोंद नसेल तर 'चालना मिळाली' हा निष्कर्ष मी बाजूला ठेवतो.

तिसरा मुद्दा प्रमाणाचा. भांड्यात हेस्पेरिडिन किंवा त्याचे पचनानंतरचे रूप हेस्पेरेटिन बहुधा १० ते १०० मायक्रोमोलर इतके वापरतात. माणसाने अर्धा ते एक लिटर संत्र्याचा रस प्यायला तरी रक्तातले प्रमाण १ मायक्रोमोलरच्या आसपासच जाते. कारण हेस्पेरिडिन जसेच्या तसे शोषले जात नाही. मोठ्या आतड्यातले जीवाणू आधी त्याची साखर तोडतात, त्याला पाच-सात तास लागतात. पुढे आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात त्याला दुसरे रेणू जोडून शरीर ते बाहेर टाकायला लागते. भांड्यातल्या पेशीला भेटलेले रसायन आणि तुमच्या पेशीपर्यंत पोहोचणारे रसायन यांत इतके अंतर आहे.

आणि समजा, एखाद्या अर्काने शरीरात खरोखरच टीएनएफ खाली आणला, तर? असे करणारी औषधे आपल्याकडे आहेत. अडॅलिमुमॅब, इन्फ्लिक्झिमॅब ही त्यांतली. ती सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयरोगाची तपासणी करावी लागते, कारण शरीरात निपचित पडलेला टीबी टीएनएफ कमी झाला की उठून बसू शकतो. जो पदार्थ खरेच टीएनएफ दाबतो तो चहासारखा सकाळ-संध्याकाळ पिण्याचा पदार्थ नसतो. आणि जो चहासारखा निर्धास्त पिता येतो, तो बहुधा टीएनएफ फारसा दाबतही नसतो.

दुसरी पायरी : उंदीर

आपल्याकडच्या महाविद्यालयीन प्रबंधांत तीन-चार चाचण्या ठरलेल्या असतात. उंदराच्या रक्तात काजळीची शाई सोडून ती किती वेगाने साफ होते ते पाहणे. मेंढीच्या तांबड्या रक्तपेशी टोचून त्यांच्याविरुद्ध किती प्रतिपिंडे तयार होतात ते मोजणे. पंजाला येणारी सूज मोजणे. आणि सायक्लोफॉस्फामाइड देऊन प्रतिकारशक्ती मुद्दाम पाडून अर्काने ती सावरते का ते पाहणे. प्राण्यांवरच्या अशा प्रयोगांना नैतिक समितीची परवानगी लागते.

इथे डोसचा हिशेब पाहा. उंदराला दर किलो वजनामागे ४०० मिलिग्रॅम अर्क दिला असेल, तर शरीराच्या पृष्ठभागाचे प्रमाण धरून ६० किलोच्या माणसासाठी तो सुमारे २ ग्रॅम होतो. हा आटवलेला अर्क आहे, पूड नव्हे. तेवढ्या अर्कासाठी किती साल लागेल हे अर्क काढण्याच्या पद्धतीवर ठरते, आणि घरच्या पातेल्यात ती पद्धत नसते. म्हणून 'उंदरांवर यशस्वी' या दोन शब्दांतून 'रोज किती चमचे?' या प्रश्नाचे उत्तर काढता येत नाही.

तिसरी पायरी : माणूस

कोविडच्या पहिल्या वर्षात संगणकावर रेणूंची जुळवाजुळव करणारे निबंध ढिगाने आले. त्यांत हेस्पेरिडिन विषाणूच्या प्रथिनांना घट्ट चिकटते असे अनेकांना दिसले आणि लिंबूवर्गीय सालींची चर्चा जोरात सुरू झाली. पुढे कॅनडातील मॉन्ट्रियल येथे त्याची नीट चाचणी झाली. लस न घेतलेल्या आणि कोविडची लक्षणे असलेल्या २१६ लोकांपैकी काहींना रोज १,००० मिलिग्रॅम हेस्पेरिडिन आणि बाकीच्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी १४ दिवस दिली. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णालाही माहीत नव्हते आणि डॉक्टरांनाही. दोन्ही गटांतली लक्षणे कमी होत गेली, आणि त्यांच्यातला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. दुसरा गट ठेवला नसता तर 'हेस्पेरिडिन घेतलेले बरे झाले' अशी बातमी सहज झाली असती, आणि तीत खोटे काहीच नसते.

सरकीची गोष्ट

'वनस्पतीचे आहे, त्रास काय होणार?' असे कोणी म्हटले की मला सरकी आठवते. कापसाच्या सरकीत गॉसिपॉल नावाचे पिवळे रसायन असते. ते कापसाच्या झाडाचे किडींपासून बचावाचे हत्यार. चीनमधल्या काही गावांत कच्चे, शुद्ध न केलेले सरकीचे तेल खाण्यात आल्यावर पुरुषांना मुले होईनात, तेव्हा या रसायनाकडे लक्ष गेले. १९७० च्या दशकात तिथे ८,००० हून अधिक पुरुषांवर ते गर्भनिरोधक म्हणून तपासण्यात आले. शुक्राणू कमी झाले हे खरे. पण काही जणांच्या रक्तातले पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत घसरले, आणि काहींची प्रजननक्षमता औषध थांबवल्यावरही परतली नाही. ते औषध बाजारात आले नाही. (दुकानात मिळणारे शुद्ध केलेले सरकीचे तेल वेगळे. शुद्धीकरणात गॉसिपॉल निघून जाते, त्यामुळे ते खाण्यात धोका नाही.)

जिथे वनस्पतीचे रसायन खरेच उपयोगी पडले

चिली देशात क्विलाजा नावाचे झाड आहे. त्याच्या सालीत रिठ्यासारखा फेस देणारी सॅपोनिन रसायने असतात. कच्च्या स्वरूपात ती तांबड्या रक्तपेशी फोडतात. पण त्यांतले ठरावीक अंश वेगळे काढून, कोलेस्टेरॉल आणि फॉस्फोलिपिडबरोबर अतिसूक्ष्म कणांत बांधले की त्यांचा विषारीपणा कमी होतो आणि लसीला मिळणारा प्रतिसाद वाढतो. या मिश्रणाला मॅट्रिक्स-एम म्हणतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या कोवोव्हॅक्स या कोविड लसीत ते होते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये शिफारस केलेल्या आर-२१ या मलेरियाच्या लसीतही आहे. कोवोव्हॅक्सच्या एका डोसमधले त्याचे प्रमाण ५० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा वीस हजारावा भाग.

झाडाची साल प्रतिकारशक्तीला मदत करू शकते ती अशी. रसायन ओळखलेले, मात्रा मोजलेली, दर बॅच सारखी, आणि हजारो माणसांत तपासलेली. आपल्या कायद्यातही यासाठी वाट आहे. २०१५ पासून 'फायटोफार्मास्युटिकल' हा औषधांचा वेगळा वर्ग मान्य झाला आहे. त्यात वनस्पतीच्या शुद्ध केलेल्या आणि प्रमाणित अर्कातले किमान चार घटक ओळखून मोजून दाखवावे लागतात. मोसंबीच्या सालीतून उद्या असे काही निघाले तर मला नवल वाटणार नाही. ते या वाटेने यावे एवढेच.

गुळवेलीने काय दाखवले

सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेले ६ रुग्ण नोंदवले. सगळ्यांनी प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेतली होती. पुढे देशातल्या १३ केंद्रांनी मिळून असे ४३ रुग्ण नोंदवले. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या यकृताचे चित्र स्वयंप्रतिकार यकृतदाहासारखे होते, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटलेली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की रुग्णांनी घेतलेली वेल गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी, हे तपासलेले नाही. आक्षेप योग्य की अयोग्य हा वाद बाजूला ठेवला तरी त्यातून एक गोष्ट स्वच्छ दिसते : घरी आणून उकळलेल्या वस्तूत नेमके काय होते, हे नंतर सिद्ध करणे कोणालाच सोपे जात नाही.

कोणी विशेष जपावे

मूत्रपिंड किंवा यकृत प्रत्यारोपण झालेल्यांनी कोणत्याही सालीचा काढा, पूड किंवा 'इम्युनिटी' कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन या औषधांची रक्तातली पातळी फार काटेकोर ठेवावी लागते. ग्रेपफ्रूट आणि पपनस या फळांतली फ्युरानोकुमरिन रसायने आतड्यातले औषध मोडणारे एन्झाइम बंद पाडतात आणि पातळी एकदम वर जाते. मोसंबीचा गर त्या यादीत नाही. पण बाजारातली 'सायट्रस पील' पावडर कोणत्या फळाची आहे हे पाकिटावरून कळेलच असे नाही.

संधिवात, ल्युपस, सोरायसिस किंवा आतड्याच्या दाहासाठी औषधे घेणाऱ्यांनी आणि केमोथेरपी चालू असलेल्यांनीही तसेच विचारून घ्यावे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मोसंबीचा रससुद्धा विचारून प्या. त्यात पोटॅशियम असते. मधुमेह असेल तर रसापेक्षा फळ खाल्लेले बरे.

फवारणीचा मुद्दा जालन्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. बागेत मारलेल्या औषधाचे अंश गरापेक्षा सालीवर आणि सालीतल्या तेलात जास्त राहतात. साल धुऊन उकळल्याने ते सगळे जातात असे नाही. घरात वर्षाला दोन-चार सालींचा मुरंबा होतो, त्याची काळजी करू नका. रोज, महिनोन् महिने, औषध म्हणून घेणे ही वेगळी गोष्ट आहे.

असा काढा किंवा पूड घेत असताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, भूक मेली किंवा फार थकवा आला, तर ते बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि उरलेले पाकीट किंवा पूड बरोबर न्या. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. यकृताच्या तपासणीत हीच माहिती सर्वांत उपयोगी पडते. चालू असलेल्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

चाचणीत भाग घ्यायला सांगितले तर

कधी एखाद्या रुग्णालयातून वनस्पतीजन्य औषधाच्या चाचणीत सहभागी होण्याविषयी विचारणा होते. घाबरण्याचे कारण नाही, आणि लगेच सही करण्याचेही नाही. देशातल्या प्रत्येक औषध-चाचणीची नोंद सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदणीत करावी लागते; २००९ पासून ती सक्तीची आहे आणि पहिला रुग्ण घेण्याआधी व्हावी लागते. नोंदणी क्रमांक मागा. ही नोंद इंटरनेटवर कोणालाही फुकट पाहता येते. घरात कोणी शिकलेले असेल तर त्याच्याकडून पाहून घ्या. माहितीपत्रक मराठीत मागा, घरी नेऊन वाचा. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळाले पाहिजेत आणि भरपाईची तरतूदही आहे. सहभाग मध्येच सोडता येतो, आणि सोडला म्हणून तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. तुमच्याकडून औषधाचे पैसे मागितले जात असतील, तर नैतिक समितीच्या सदस्य-सचिवांचा फोन नंबर त्या माहितीपत्रकावर छापलेला असतो. त्यावर फोन करून विचारा.